आठानं भागायचं राहिलं

येडशी,
सोमवार, २१ एप्रिल

तीर्थस्वरूप रेवणप्पा दाजी यांना धाकटा मेहुणा गुंडप्पाचे शरणू शरणार्थी. रुद्रम्माअक्काचा गुडघा आता कसा आहे ते कळवावं. मागच्या वेळी तिनं मुरूमच्या वैद्याचं तेल सोडून सोलापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या धरल्या होत्या आणि नंतर गोळ्या सोडून पुन्हा तेल धरलं होतं, त्यामुळं सध्या काय चालू आहे हे समजल्याशिवाय इकडून नवं औषध सुचवायची माझी हिंमत नाही. तुमची शुगर, तुमची पतसंस्था आणि तुमची ती नवी बोअर, तिन्हींची खुशाली इच्छितो. आम्ही इकडं बरे आहोत. (अगदी बरे म्हणवत नाही, का ते पुढं येईलच.)

फोन असताना पत्र का, असं तुम्ही पाकीट फोडतानाच अक्काला विचारलं असेल. दाजी, मी चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली. फोनवर काय बोलता येतं आणि काय येत नाही हे माझ्याइतकं कुणाला कळणार? शिवाय आपल्या दोघांच्या फोनमध्ये बोलणं तुमच्याकडून इकडं येतं आणि इकडून तिकडं फक्त हुंकार जातात, हे तुम्हालाही मान्य व्हावं. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही, तेवढीच माझी सोय.

तर विषय आमच्या गायत्रीचा. दिवाळीत सगळे जमलेले असताना तुम्ही तिच्याबद्दल जे बोललात ते मी विसरलेलो नाही. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली पोरगी रामलिंगच्या जंगलात झाडांना कॅमेरे बांधत फिरते, याला नोकरी म्हणत नाहीत. पुण्याच्या संस्थेनं या खेपेला घेतलं तर ठीक, नाहीतर जूनपासून आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर बसव, असं तुम्ही करंजी मोडता मोडता म्हणालात. गायत्री उठून आत गेली. मी काही बोललो नाही. (करंजी तोंडात होती.)

ही पुण्याची संस्था माळरानावरच्या लांडग्यांची मोजणी करते आणि दरवर्षी चारच माणसं घेते. वयाची अट अशी की गायत्रीला ही शेवटची संधी. त्यांना अर्ज, गुणपत्रिका असलं फारसं लागत नाही. त्यांना लागतं ते कॅमेऱ्यातलं सगळं चित्रण, जसंच्या तसं, कापाकापी न केलेलं. कॅमेऱ्यासमोरून काही हललं की तो आपोआप चालू होतो, मग ते हलणारं लांडगा असो, मोर असो की वाऱ्यानं हललेली करवंदीची फांदी असो. (फांद्यांचं चित्रण सर्वांत जास्त आहे.) सात महिन्यांत पोरीनं वनखात्याची रीतसर परवानगी काढून नऊ ठिकाणी कॅमेरे बांधले, आणि नऊ कार्डं भरली. कार्ड म्हणजे नखाएवढी चकती, पण एकेकात वीस जीबी. नऊ वीसं एकशे ऐंशी. हे सगळं इंटरनेटवरून त्यांच्याकडं पाठवायचं होतं, शुक्रवार चार एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत. पाचला त्यांचं दार बंद.

आता इथं मी मधे आलो. कुणी बोलावलं नव्हतं. पण एका ठिकाणची वस्तू तारेतून दुसऱ्या ठिकाणी न्यायची म्हटल्यावर घरात टेलिफोनचा माणूस असताना पोरीनं एकटीनं आकडेमोड करावी, हे मला बघवेना. मी तिला म्हणालो, हे खातं माझं, तू लांडगे बघ. तिनं ऐकलं. दाजी, तिनं ऐकलं हेच चुकलं.

आमच्या एक्स्चेंजमध्ये सगळं ज्या मापानं मोजायचे त्याचं नाव ई-वन. एका ई-वनमध्ये बत्तीस खाने. त्यातले तीस खाने लोकांच्या बोलण्याला, एक खाना दोन्हीकडची घड्याळं जुळवायला आणि एक खाना घंटी वाजव, फोन उचलला, फोन ठेवला असल्या निरोपांना. म्हणजे एका वेळी तीस माणसं एकाच तारेवर बोलतात आणि एकाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही. सगळे मिळून दर सेकंदाला दोन मेगाबिट आणि वर थोडं. हे माप माझ्या इतकं अंगात मुरलंय की लग्नाच्या पंगतीला बत्तीस पानं मांडली तर दोन पानं वाढप्यांसाठी मोकळी ठेवा असं माझ्या तोंडून निघतं. (घरात याबद्दल जे बोललं जातं ते लिहीत नाही.)

मी एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर तक्ता केला. डाव्या हाताला टेलिफोनची मापं, उजव्या हाताला डिस्कची, मधे बरोबरचं चिन्ह. आमच्याकडं सोमेशनं, म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेल्या आणि आता येडशीत फायबर जोडणाऱ्या पोरानं, पन्नासची लाइन दिलेली आहे, जाताना आणि येताना सारखीच. एकशे ऐंशी जीबी म्हणजे एक लाख ऐंशी हजार एमबी. भागिले पन्नास. छत्तीसशे सेकंद. एक तास. त्यात माझ्या सवयीनं बत्तिसात दोन खाने वाया धरले, तर एक तास चार मिनिटं. चार मिनिटांपर्यंतचा हिशेब बघून मलाच भरून आलं. खाली सही केली, तारीख घातली आणि निवृत्तीच्या वेळी परत द्यायचा राहून गेलेला खात्याचा शिक्का मारून तो तक्ता गायत्रीच्या हातात ठेवला.

त्या तक्त्याच्या भरवशावर तिनं पाणवठ्यावरचा नववा कॅमेरा शुक्रवारी सकाळपर्यंत तसाच ठेवला. गुरुवारी तिनं विचारलं होतं, आठ कार्डं आजच लावू का? मी म्हणालो, एक तास चार मिनिटांच्या कामाला दोन दिवस कशाला, सगळं एकदम लावू, नीट एकाच पेटीत. दाजी, हे वाक्य मला अजून अधूनमधून ऐकू येतं.

शुक्रवारी ती साडेनऊला जंगलातून परत आली, अंगावर कुसळं, डोळे लाल, पण खुशीत. पहिलं काम, नऊही कार्डं कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. त्यासाठी मी धाराशिवच्या युवराजच्या दुकानातून कार्ड वाचायचं यंत्र आणलं होतं, त्याच्या खोक्यावर ठळक चारशे ऐंशी लिहिलेलं. माझ्या तक्त्याप्रमाणं काम सहा मिनिटं चाळीस सेकंदांत व्हायला हवं. मी घड्याळ घेऊन बसलो. पडद्यावर वेगाचा आकडा आला, पस्तीस. चारशे ऐंशीचं पस्तीस. मी तिथल्या तिथं युवराजला फोन लावला आणि मापात मारणाऱ्या दुकानदारांबद्दल माझी मतं सविस्तर सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, खोक्यावरचं माप तुमच्या फोनवाल्यांचं हाय, पडद्यावरचं डिस्कवाल्यांचं. आठानं भागा. उरलेलं वाटंत जातंय." मला हा उद्धटपणा वाटला. मी फोन ठेवला. सहा मिनिटं चाळीस सेकंदांचं काम अकरा वाजता संपलं.

अकराला मुख्य काम सुरू केलं. पडद्यावर आलं, शिल्लक वेळ आठ तास. गायत्रीनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, मशीन बावचळलंय, जरा दम धर. आमच्या खात्यात नवी लाइन चालू केल्यावर आकडे वेडेवाकडे आले तर तिला हात लावायचा नाही, चहा घ्यायचा, लाइन आपोआप ताळ्यावर येते, ही रीत. ही रीत मी स्वतः सोमेशसकट निदान वीस पोरांना शिकवलेली आहे. त्या रीतीनं मी चहा घेतला. मग दुसरा घेतला. बारा वाजता पडद्यावर आलं, शिल्लक वेळ सात तास. मशीन बावचळलेलं नव्हतं. मशीन अगदी नियमानं चाललं होतं.

आणि मग कळलं. कुणी सांगितलं नाही, माझं मलाच कळलं, आणि म्हणून जास्त लागलं. दाजी, तुम्ही फोनवर "हॅलो" म्हणता ना, त्या आवाजाचे एक्स्चेंजमध्ये सेकंदाला आठ हजार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला आठ बिट लागतात. आठ आठे चौसष्ट, म्हणून एक खाना चौसष्ट हजाराचा. हे मी झोपेत सांगू शकतो. आमच्याकडं त्या आठांच्या जुडीला नुसता तुकडा म्हणायचे. डिस्कवाल्या लोकांनी त्याच आठांच्या जुडीला बाइट म्हटलं आणि सगळी मोजणी जुड्यांत केली. म्हणजे लाइन बिटांच्या पेंढ्या मोजत होती आणि डिस्क बाइटचे भारे, एका भाऱ्यात आठ पेंढ्या, आणि मी मधे बरोबरचं चिन्ह काढून खाली शिक्का मारला होता. एखाद्या किराणावाल्यानं ही चूक केली असती तर माफ होती. ज्यानं चौतीस वर्षं आठ आठे चौसष्ट केले त्यानंच आठानं भागायचं सोडलं.

मी गायत्रीला सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायचा धीर झाला नाही. तिला सात महिने दिसले असणार, आणि तुमचा काउंटरही. ती रडली असती, ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबा, हे मला काल कळलं असतं तर बरं झालं असतं." आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मला त्या वेळी स्वतःची इतकी लाज वाटली की ते लिहिण्याजोगं नाही, तरी लिहितोय.

गाडीनं पुणं गाठावं तर पाच वाजेपर्यंत शक्य नाही. मी टेबलावरच्या कार्डांकडं बघत बसलो होतो. एक कार्ड गेलेलं, आठ राहिलेली. आणि तिथं, दाजी, चौतीस वर्षांची नोकरी पहिल्यांदा उपयोगी पडली. एका तारेवर गर्दी झाली की आम्ही काय करायचो? दुसरी तार शोधायचो. कार्डं वेगवेगळी आहेत म्हटल्यावर ती एकाच घरातून कशाला जायला हवीत? मी सोमेशला फोन केला आणि जवळपास कुणाकुणाकडं पन्नासची लाइन आहे ते विचारलं. सोमेश म्हणाला, अकरा घरं. मी सुटकेचा श्वास टाकला. मग तो म्हणाला, पण सर, त्यातली नऊ घरं ईट गावाला लग्नाला गेलीत.

उरली दोन. एक शिवकन्याचा फोटो स्टुडिओ. तिचा नवराही त्याच लग्नाचं शूटिंग करायला ईटला गेलेला, पण ती दुकानात होती. तिनं काही न विचारता दोन कॉम्प्युटर रिकामे करून दिले आणि तीन कार्डं ठेवून घेतली. आमच्या घरून चार जाणार होती. नववं कार्ड, पाणवठ्याचं, सकाळीच आणलेलं, ते राहिलं हरणाबाईसाठी.

हरणाबाई तुम्हाला माहीत नाही. स्टेशनच्या पलीकडं वस्तीवर राहते, वीसेक शेरडं आहेत, नवरा नाही. मुलगा गोरोबा फौजेत आहे, लांब सरहद्दीवर कुठंतरी. त्यानंच आईसाठी फायबर बसवून घेतलं, का तर दर शुक्रवारी पावणेचारला त्याला फोनवर तिचं तोंड दिसावं. गायत्री, सोमेश आणि मी पोचलो तर दाराला कडी. ती शेरडं घेऊन सव्वादोनला आली. मी तिला सगळं सांगितलं, तेही जमेल तितकं थोडक्यात. (तासाभराचं चार मिनिटांत.) तिनं विचारलं, "पर माजं लेकरू आज दिसंल न्हवं? आठ दिसानं दिसतंय बघा." मी म्हणालो, दिसेल. गायत्रीनं कॉलेजचा जुना लॅपटॉप उघडून कार्ड लावलं. लॅपटॉप म्हातारा, लाइनच्या निम्म्या वेगानंच चालत होता, पण चालत होता.

तीन वाजता लाइट गेली. एक एप्रिलपासून वस्तीची लाइट रोज तीनला जाते हे सगळ्या येडशीला माहीत होतं, आणि आम्हालाही होतं, आणि आमच्यापैकी कुणाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. लॅपटॉपला बॅटरी होती, फायबरच्या डबीला नव्हती. डबीवर लिहिलेलं वाचलं, बारा व्होल्ट. माझ्या स्कूटरची बॅटरीही बाराचीच. (हे मात्र एकाच मापातलं होतं, मी तीनदा वाचून खात्री केली.) मी स्कूटर आडवी करून बॅटरी काढायला बसलो, सोमेश तारा सोलायला. त्यात पस्तीस मिनिटं गेली.

तेवढ्या वेळात हरणाबाईनं गायत्रीला विचारलं, त्या चकतीत एवढं हाय तरी काय? गायत्रीनं पडद्यावर सकाळचं चित्रण लावलं. मी स्कूटरपाशी पाना टाकून मागून येऊन बघत होतो. पहाटेचा करडा उजेड, पाणवठा, आणि एक लांडगी. आधी ती एकटीच आली, चारी बाजूंना बघून पाणी प्यायली. मग तिनं मान वळवली आणि झुडपातून तीन पिल्लं एकापाठोपाठ बाहेर आली, तिसरं पाय घसरून पाण्यात पडलं. हरणाबाई एकदम पुढं वाकली.

"हिनंच माजं करडू नेलं गेल्या साली. हा तुटका कान मी कशी इसरीन."

ज्या बाईच्या शेरडांवर तिचं घर चालतं तिच्याच लाइनवरून आम्ही त्या लांडगीची शिफारस पुण्याला पाठवत होतो. हरणाबाई बराच वेळ पिल्लांकडं बघत राहिली. तिसरं पिल्लू अंग झाडत होतं.

"तीन तोंडं हायती व्हय पाठीमागं," ती म्हणाली. "न्हेणारच की मग." आणि गायत्रीकडं वळून, "धाड की पोरी हे. थांबलीस कशापायी?"

तीन पस्तीसला डबीवरचे दिवे लागले. दहा मिनिटांनी गोरोबाचा व्हिडिओ फोन आला आणि सोमेशचा चेहरा पडला. आता आईचं बोलणं तोडायचं, की कार्ड थांबवायचं? दाजी, त्या दिवशी माझ्या हातून झालेला एकमेव बरोबर हिशेब हा. पन्नासची लाइन म्हणजे माझ्या मापानं चोवीस ई-वन. त्या लेकराचं तोंड दिसायला लागतो एक. बाकी तेवीस आम्हाला पुरे. मी म्हणालो, बोल तू हरणाबाई, पोट भरून बोल. ती वीस मिनिटं बोलली. तिनं मुलाला लांडगीची सगळी हकीकत सांगितली आणि तिकडून तो म्हणे, पिल्लं मलापण दाव. गायत्रीनं लॅपटॉप वळवून त्याला दाखवली. पलीकडं पाच-सहा जवान दाटीवाटीनं बघत होते.

चार वाजून अडतीस मिनिटांनी नववं कार्ड पोचलं. स्टुडिओतली आणि घरातली आधीच पोचली होती. गायत्री हरणाबाईच्या उंबऱ्यावर मटकन बसली आणि मग हसायला लागली. मी स्कूटर ढकलत घरी आलो, कारण बॅटरी लाइट येईपर्यंत तिथंच ठेवावी असं मला वाटलं, गोरोबाचा पुन्हा फोन आला असता तर. वाटेत गायत्रीनं एका हातानं मागून स्कूटर ढकलली. तक्त्यावरून तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, उलट तो कपाटात जपून ठेवलाय.

असं सगळं झालं, दाजी. आपले आशीर्वाद आहेतच. अक्काला सांगा की तिच्या भावाला साठीनंतर आठाचा पाढा आला. चुकलंमाकलं मोठ्या मनानं पोटात घालावं.

तुमच्या शब्दाबाहेर नसलेला (फक्त आकड्यांत कच्चा),
गुंडप्पा

ता. क. युवराजची माफी मागायला धाराशिवला जाऊन आलो. त्यानं चहा पाजला आणि आठानं भागलं की साठ यायला हवेत, मग पस्तीसच का, हे समजावून सांगितलं. अर्धंच समजलं. उरलेलं वाटेत गेलं असावं.

ता. क. दुसरा. निकाल लिहायचा राहिला. परवा संस्थेचं पत्र आलं. चौघांत गायत्री आहे. पहिले चार महिने काम कुठं, तर तुमच्या मुरूमच्या माळावर. तुमच्या शेताला लागून जी गायरानाची पड आहे, तिथं लांडगे असल्याची नोंद त्यांच्याकडं आहे. (तुम्हाला ठाऊक नसेल तर आता ठाऊक झालं.) पुढच्या सोमवारी सकाळच्या एसटीनं येते. तिला तुमच्याकडं राहू द्यावं, अक्काच्या हातचं जेवू द्यावं, आणि बांधावरच्या लिंबाच्या झाडाला एक कॅमेरा बांधू द्यावा ही विनंती. झाडाला इजा होत नाही, पट्टा असतो.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं यासाठीच. हा अक्काला वाचून दाखवू नका. दिवाळीत मी काही बोललो नाही असं वर लिहिलंय, ते त्या संध्याकाळपुरतं खरं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही निघताना मी तुमच्या पिशवीत जो कागद घातला, तो काउंटरच्या जागेचा अर्ज, गायत्रीच्या नावाचा, माझ्या अक्षरात भरलेला, आणि खाली तिची सही मीच केलेली. मला वाटलं होतं, तिची निवड काही होत नाही. घरात सगळ्यांच्या आधी मलाच वाटलं होतं. निकालाआधी पुण्याला मुलाखत झाली, तीत तिला विचारलं, घरच्यांचा पाठिंबा आहे का, तर ती म्हणाली, माझ्या बाबांना पहिल्या दिवसापासून खात्री होती. घरी येऊन तिनं हे आम्हाला जेवताना सांगितलं आणि मी मान हलवली. ती ज्या खोलीत राहील त्याच खोलीत तुमचं पतसंस्थेच्या कागदांचं कपाट आहे. दाजी, सोमवारच्या आत तो अर्ज फाडून टाका. फोनवर सांगू नका, ती शेजारीच बसलेली असते. फाडून झालं की एक रिंग द्या आणि ठेवून द्या. मी उचलणार नाही, मला कळेल.